शरदातलं पुणे : नवरात्रापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतच्या सांस्कृतिक भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सव संपला, पितृपंधरवडा सरला की पुण्यात घटस्थापनेपासून दुसरा हंगाम सुरू होतो. त्याला गणपतीच्या दिवसांइतका गाजावाजा नसतो, पण गाणं, नाटक, चित्रं, जुने वाडे आणि दिवाळी अंक यांची आवड असलेल्या माणसासाठी वर्षातला सर्वांत भरगच्च काळ हाच. पुण्यात नव्याने राहायला आलेले, सुट्टीत नातेवाइकांकडे येणारे आणि इथेच वाढूनही पेठांमध्ये कधी निवांत न फिरलेले, असे सगळेच जण जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं.

कार्यक्रम तर वर्षभर असतात. मग शरदाचं एवढं काय?

खरं आहे, पुण्यात सभागृहं कधीच रिकामी नसतात. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. पण आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत कला सभागृहाबाहेर पडते, आणि एरवी ज्या वेळी आपण झोपलेले असतो त्या वेळी भेटते. दिवाळीत पहाटे बागेत गाणं असतं, कोजागिरीला गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत मैफल चालते, त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या आवारात पणत्यांच्या उजेडात लोक रांगोळ्या बघत फिरतात. कला आणि दिवसाची वेळ यांचं जे जुनं नातं आहे, ते या महिन्यांत शहरात प्रत्यक्ष अनुभवता येतं. म्हणून आमचा आग्रह असा की कार्यक्रमांची यादी हातात घेऊन धावू नका. एका दिवसाला एकच गोष्ट ठरवा, पण तिच्या वेळेला जा आणि शेवटपर्यंत थांबा.

नेमके कोणते दिवस धरून चालायचं?

इंग्रजी तारखा पाठ करून उपयोग नाही, कारण या हंगामातलं जवळपास सगळं तिथीवर चालतं. घटस्थापना आश्विन शुद्ध प्रतिपदेला, दसरा दशमीला, कोजागिरी आश्विनी पौर्णिमेला. पुढे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दिवाळी, आणि शेवटी कार्तिकी पौर्णिमा म्हणजेच त्रिपुरी. तारखा दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच दिवाळी आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती पुन्हा नोव्हेंबरात गेली. भिंतीवरचं कॅलेंडर उघडा, या पाच-सहा तिथींवर खूण करा आणि मगच रजा किंवा रेल्वेचं आरक्षण बघा.

तारखेवर चालणारे मोजके दिवसही लक्षात ठेवा. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, त्याची ही आठवण. ८ नोव्हेंबरला पु. ल. देशपांडे यांची जयंती असते. २८ नोव्हेंबरला महात्मा फुले यांचा स्मृतिदिन. या तिन्ही दिवसांच्या आगेमागे शहरात काही ना काही असतंच.

हवा कशी असते? छत्री लागते का?

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस संध्याकाळी अचानक कोसळतो, तेव्हा छत्री लागतेच. त्यानंतर ऑक्टोबर हीट. दुपारी बारा ते चार उघड्यावर फिरू नका, ती वेळ संग्रहालयाला द्या. दिवाळीच्या सुमारास पहाटे गारवा येतो. बागेतल्या गवतावर बसून गाणं ऐकायचं असेल तर शाल आणि खाली अंथरायला सतरंजी घ्या, दव पडलेलं असतं.

दिवाळी पहाट म्हणजे नेमकं काय, आणि प्रवेश कसा मिळतो?

नरक चतुर्दशीला किंवा पाडव्याला अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून पहाटे गाणं ऐकायला जायचं, ही रीत आता पुण्यात चांगली रुजली आहे. सारसबागेपासून उपनगरांतल्या छोट्या मैदानांपर्यंत त्या दिवसांत एकाच वेळी बरेच कार्यक्रम चालू असतात. त्यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला भावगीतं, भक्तिगीतं आणि चित्रपटगीतांचा. निवेदक असतो, पूर्ण वाद्यवृंद असतो, घरातले सगळे येतात. दुसरा नाट्यसंगीत आणि अभंगांचा. तिसरा शुद्ध शास्त्रीय, ज्यात एक किंवा दोन कलाकार निवांत राग मांडतात.

निवड ज्याने त्याने करावी, पण आमचं मत स्पष्ट आहे : वर्षातून एकदा तरी तिसऱ्या प्रकाराला जा. कारण साधं आहे. बहुतेक मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे कानावर पडतात ते यमन, मारवा, बागेश्री, मालकंस असे संध्याकाळचे आणि रात्रीचे राग. ललित, भैरव, रामकली, अहिर भैरव, तोडी हे राग योग्य वेळी आणि प्रत्यक्ष समोर बसून ऐकायची संधी फार कमी मिळते. उजाडण्याआधी ललित सुरू व्हावा आणि तो ऐकता ऐकताच समोरचं झाड हळूहळू दिसू लागावं, हे ध्वनिमुद्रणात मिळत नाही.

प्रवेशाचं म्हणाल तर बागेतले बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात, पण सभागृहातल्यांना प्रवेशिका किंवा सन्मानिका लागतात. त्यांचं वाटप दिवाळीच्या आठवडाभर आधीपासून नाट्यगृहाच्या खिडकीवर किंवा आयोजकांनी जाहीर केलेल्या ठिकाणी होतं. बातमी वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर छोट्या चौकटीत येते. ती रोज बघा, कारण चांगल्या गायकाच्या सन्मानिका पहिल्या सकाळीच संपतात. हातात सन्मानिका असली तरी पुढच्या काही रांगा राखीव असतात, म्हणून अर्धा तास आधी पोचा.

शास्त्रीय संगीतातलं काहीच कळत नाही. तरी जावं का?

जावं, आणि संकोच न करता जावं. पुण्याच्या श्रोतृवर्गात माना डोलावणारे सगळेच जाणकार आहेत असं समजू नका. पुष्कळसे लोक वर्षानुवर्षं ऐकून ऐकूनच ऐकायला शिकले आहेत.

पहिल्यांदा जाताना एवढंच माहीत असू द्या. तानपुरे जुळवायला वेळ लागतो. तो वाया जाणारा वेळ नसून त्यातच कान तयार होतो. मग ख्याल. आधी विलंबित लयीत, जिथे गायक एकेका स्वरावर थांबत राग उलगडतो. नवख्या श्रोत्याचा धीर इथेच सुटतो. तबल्याकडे कान द्या. ठेका फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि गायकही बंदिशीचा मुखडा घेऊन नेमका तिथेच येतो. ही गाठ पडलेली दोन-तीनदा कानांनी टिपली की पुढचा अर्धा तास आपोआप रस वाटू लागतो. त्यानंतर द्रुत बंदिश, ताना, आणि मग एखादं नाट्यपद किंवा अभंग. भैरवी सुरू झाली की मैफल संपत आली असं समजावं, मग ती सकाळ असो वा रात्र.

उशीर झाला तर मधेच आत शिरू नका. एक राग संपला, टाळ्या झाल्या की बसायला जागा शोधा. उठून जायचं असेल तरी तसंच.

कोजागिरीला बाहेरच्या माणसाला कुठे जाता येतं?

कोजागिरीच्या बऱ्याच मैफली सोसायटीच्या गच्चीवर किंवा कुणाच्या तरी अंगणात होतात आणि निमंत्रितांपुरत्या असतात. पण संगीत संस्था, ग्रंथालयं आणि काही महाविद्यालयं त्या रात्री सर्वांना खुल्या बैठका ठेवतात. सतरंजीवर बसायचं, आटीव मसाला दूध प्यायचं आणि चंद्र माथ्यावर येईपर्यंत बागेश्री, मालकंस, चंद्रकंस ऐकायचे. ओळखीतल्या एखाद्या संगीत शिक्षकाला आधी आठवडाभर विचारून ठेवा. पुण्यातल्या बहुतेक गाण्याच्या शिक्षकांकडे त्या रात्री विद्यार्थ्यांचं गाणं असतं, आणि मनापासून ऐकणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही.

नाटक बघायचं आहे. कुठलं नाट्यगृह निवडावं?

नाट्यगृह निवडू नका, प्रयोग निवडा. तरी पहिल्यांदाच बघत असाल तर बालगंधर्व रंगमंदिरातला प्रयोग बघावा असं आम्ही सांगतो. १९६२ च्या ऑक्टोबरात खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. वास्तू उभी राहिलेली मात्र त्यांना बघता आली नाही. १९६७ मध्ये ते गेले आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, रंगमंदिर सुरू झालं. पुण्याच्या तीन पिढ्यांनी नाटक बघितलं ते मुख्यतः इथेच. टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह इथेही व्यावसायिक नाटकं लागतात.

नवरात्र ते दिवाळी या काळात नवी नाटकं रंगभूमीवर येतात आणि भाऊबीजेनंतरच्या शनिवार-रविवारी मुंबईच्या संस्थांचे दौरे असतात. लक्ष्मीपूजनाच्या आसपास मात्र प्रयोग कमी. तिकिटं मोबाईलवर मिळतातच, पण नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन समोर ठेवून खुर्ची निवडण्याची सोय अजून आहे. बाल्कनीच्या मागच्या रांगेपेक्षा खालच्या मजल्यावर कडेची खुर्ची बरी, नटाचा चेहरा दिसतो. तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसा. अंधारात रांग ओलांडत जाणारा माणूस पहिला प्रवेश दहा जणांचा बिघडवतो.

प्रायोगिक नाटकं आणि एकांकिकांचं काय?

खरं पुणं तिथे आहे असं आम्हाला वाटतं. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा छोट्या जागांमध्ये नट हाताच्या अंतरावर असतो. ध्वनिक्षेपकाशिवाय बोललेलं वाक्य, विंगेशिवाय होणारा प्रवेश, हे मोठ्या नाट्यगृहात मिळत नाही. प्रयोग झाल्यावर मंडळी बाहेर चहा पीत उभी असतात, त्यांच्याशी बोलता येतं. ते टाळू नका.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. तिची फेरी भरत नाट्य मंदिरात शरद सुरू होण्याआधीच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आटोपते. पण त्यात गाजलेल्या एकांकिकांचे प्रयोग पुढच्या महिन्यांत शहरात पुन्हा होतात. विशीतली मुलं काय लिहीत आहेत, कशावर चिडली आहेत, ते समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

एका दुपारी किती संग्रहालयं होतात?

एक. त्याहून जास्त करू नका.

आणि ते एक राजा दिनकर केळकर संग्रहालय असावं. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. मोठमोठ्या संग्रहालयांत राजांच्या तलवारी आणि देवांच्या मूर्ती असतात. इथे अडकित्ते, वज्री, करंडे, दौती, पानाचे डबे, भाजी चिरायच्या विळ्या आहेत. दिवे तर किती तऱ्हांचे! रोज हातात येणारी वस्तूसुद्धा सुंदर असावी हा हट्ट कुण्या अनामिक लोहाराने, तांबटाने, सुताराने धरला होता, आणि केळकरांनी तो ओळखला. प्रत्येक दालन भराभर बघत जाण्यापेक्षा दिव्यांचं आणि वाद्यांचं दालन नीट बघा. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही तिथेच आहे. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात ती दिव्यांची रांग बघून घरी गेलं की आपल्या पणतीकडे बघायची नजर बदलते.

दुसऱ्या एखाद्या दिवशी येरवड्याचा आगाखान पॅलेस बघा. १८९२ मध्ये बांधलेल्या या प्रासादात गांधीजी नजरकैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १९४२ मध्ये आणि कस्तुरबा १९४४ मध्ये तिथेच गेल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. तिथे गप्पा मारत, खात फिरू नये एवढीच विनंती.

पेठांमधून पायी फिरायचं तर कुठून सुरुवात करू?

सकाळी सात वाजता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून. १७३० मध्ये थोरल्या बाजीरावांनी पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत गेला. आज उरलीत ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. आत जायची घाई नको. समोरून लाल महालाकडे, तिथून कसबा गणपतीला. मग कुंभारवाड्यात. दिवाळीच्या आधी तिथे पणत्या, मावळे आणि किल्ल्यावरची चित्रं यांनी रस्ता भरलेला असतो.

तिथून सोमवार पेठेत चालत जा. नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, आणि जवळच त्रिशुंड गणपती. पुण्यातल्या अनेकांनी हे देऊळ बघितलेलंच नाही याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावी यांनी काम सुरू केलं आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पेशवाईतली बहुतेक देवळं विटा-चुन्याची, साधी; हे मात्र अखंड काळ्या पाषाणाचं, दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली. द्वारपाल आहेत, झुंजणारे हत्ती आहेत, आणि एका पट्टीत साखळदंडाने गेंड्याला बांधणारे परदेशी शिपाई आहेत. अठराव्या शतकातल्या पुण्यातल्या कुण्या पाथरवटाने ते का कोरलं असेल, यावर विचार करत बसा. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती तर दुर्मीळच. सकाळचं ऊन तिरकं पडतं तेव्हा ही शिल्पं उठून दिसतात, म्हणून ही फेरी सकाळची.

दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी करा : महात्मा फुले मंडई (१८८६ ची अष्टकोनी वास्तू, मान वर करून छत बघा), तुळशीबागेतलं राममंदिर, बेलबाग, आणि विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांच्या या वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बघितल्याशिवाय परत फिरू नका. मात्र दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेत खरेदीची गर्दी इतकी असते की पाय टाकता येत नाही. मधल्या वारी सकाळी जा.

मुलांना कंटाळा येतो. त्यांच्यासाठी काय?

किल्ले! दिवाळीत पुण्यातल्या वाड्यांत, सोसायट्यांत मुलं माती-दगडांचे किल्ले करतात. वर अळीव किंवा मोहरी पेरतात, तीन-चार दिवसांत हिरवळ येते. मग बुरूज, टाकं, मावळे, सिंहासनावर महाराज. काही संस्था स्पर्धा आणि प्रदर्शनं भरवतात, तिथे प्रतापगड, रायगड, सिंधुदुर्ग यांच्या हुबेहूब प्रतिकृती असतात. पण आपल्या आसपासच्या गल्लीत फिरून घरगुती किल्ले बघणं जास्त चांगलं. तो किल्ला केलेली मुलंच माहिती सांगायला उभी असतात आणि चोरवाट कुठे आहे ते दाखवल्याशिवाय सोडत नाहीत.

लहान मुलांना शास्त्रीय मैफलीत तीन तास बसवू नका. पाताळेश्वर लेण्यात न्या. आठव्या शतकात एका खडकात कोरलेलं हे लेणं भर जंगली महाराज रस्त्यावर आहे. नंदीचा गोल मंडप, न पूर्ण झालेलं काम, आत गारवा. मुलं तिथे आपोआप हळू बोलू लागतात. बालनाट्यांचे प्रयोगही दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम लागतात, जाहिराती बघत राहा.

नवरात्रात काय बघावं?

तांबडी जोगेश्वरी, चतुःशृंगी, भवानी पेठेतली भवानी माता, सारसबागेसमोरची महालक्ष्मी. गर्दी संध्याकाळी असते, मूर्तीची पूजा नीट बघायची तर पहाटे जा. संध्याकाळ भोंडल्याला द्या. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची, हे शाळांत, सोसायट्यांत आणि महिला मंडळांत आवर्जून होतं. बाहेरून आलेल्या बाईला किंवा मुलीला फेरात हात धरून ओढून घेतलं जातं. गाणी येत नसली तरी दुसऱ्या कडव्याला जमतात.

दिवाळी अंक कुठे बघावेत, कसे निवडावेत?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. अप्पा बळवंत चौकात जा, दुकानांबाहेर अंकांच्या थप्प्या लागलेल्या असतात. उभ्याने चाळायला कुणी हरकत घेत नाही. मुखपृष्ठावर जाऊ नका, अनुक्रमणिका वाचा. एक कथा-कवितांचा, एक वैचारिक, एक मुलांचा, असे तीन अंक विकत घ्या आणि बाकीचे वाचनालयातून. १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर आणि १९११ चं पुणे मराठी ग्रंथालय ही दोन नावं लक्षात ठेवा. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत थोडी वर्गणी भरून महिनोन्‌महिने अंक आलटून पालटून वाचता येतात.

चित्रं बघायला कुठे जावं?

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात आणि घोले रस्त्यावरच्या राजा रवी वर्मा कलादालनात प्रदर्शनं सतत बदलत असतात. प्रवेश बहुधा मोफत. चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो आणि लोक त्याच्याशी न बोलताच निघून जातात. असं करू नका. हे चित्र कुठून सुरू केलं, एवढं विचारलं तरी तो अर्धा तास बोलतो.

पुण्याच्या सिनेमाच्या परंपरेतलं काही अनुभवता येईल?

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यात आली. १९३६ च्या 'संत तुकाराम'ला पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला, तो याच स्टुडिओत घडला. त्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच परिसरात, लॉ कॉलेज रस्त्यावर. संग्रहालयाच्या थिएटरात जुने चित्रपट, लघुपट, चित्रपट मंडळांचे खेळ होतात. वेळापत्रक आधी बघून जा. इन्स्टिट्यूटच्या आवारात मात्र मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही, परवानगी लागते.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना काय झेपेल?

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आणि पहाटेची बाग टाळा. सभागृहातली दिवाळी पहाट किंवा दुपारचा नाट्यप्रयोग उत्तम. तिकीट काढतानाच कडेची खुर्ची आणि खालचा मजला मागून घ्या. जिना किती आहे, लिफ्ट चालू आहे का, हे फोन करून विचारा. भारत इतिहास संशोधक मंडळातली व्याख्यानंही त्यांना आवडतील. १९१० पासूनची ही संस्था, श्रोते जुन्या वळणाचे, आणि व्याख्यानानंतरचे प्रश्न फार नेमके असतात.

गाडी कुठे लावायची?

गाडी आणूच नका. मेट्रोचं कसबा पेठ स्थानक शनिवारवाडा आणि कुंभारवाड्यासाठी, मंडई स्थानक तुळशीबाग-विश्रामबागवाड्यासाठी, छत्रपती संभाजी उद्यान स्थानक बालगंधर्व आणि पाताळेश्वरासाठी, कल्याणीनगर स्थानक आगाखान पॅलेससाठी. पहाटेच्या कार्यक्रमाला मात्र मेट्रो सुरू झालेली नसते, रिक्षा आदल्या रात्रीच ठरवा.

फोटो, रेकॉर्डिंग चालतं का?

गाणं चालू असताना फोन वर धरू नका, मागच्याला कलाकार दिसत नाही. नाटकात तर अजिबात नाही. पडद्याचा उजेड नटाच्या डोळ्यांवर जातो. संग्रहालयांत दारावर विचारा. त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवात फोटो काढा, पण रांगोळीवर पाय पडणार नाही हे बघा.

एकट्याने गेलं तर विचित्र वाटेल का?

पुण्यात मैफलीला आणि नाटकाला एकट्याने येणारे खूप असतात, बायकाही. शेजारची खुर्ची मध्यंतरात हमखास बोलायला लागते. रात्री उशिरा संपणाऱ्या कार्यक्रमाचा परतीचा प्रवास तेवढा आधी ठरवून ठेवा.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर हंगाम संपतो का?

त्या रात्री सारसबाग, पाताळेश्वर, ओंकारेश्वर, पर्वती अशा ठिकाणी दीपोत्सव असतो. सूर्य मावळल्यावर पहिल्या तासात जा, नंतर पणत्या विझू लागतात. पण लगेच काही संपत नाही. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा आणि त्रयोदशीला ज्ञानेश्वरांचा संजीवन समाधी सोहळा असतो. राज्यभरातून दिंड्या येतात. इंद्रायणीच्या घाटावर आणि धर्मशाळांमध्ये रात्रभर कीर्तन चालू असतं, आणि ते ऐकायला कसलीच प्रवेशिका लागत नाही. गर्दीची तयारी ठेवा, मुक्काम करणार असाल तर सोय आधी बघा.

२८ नोव्हेंबरला गंज पेठेतल्या फुले वाड्यात अभिवादनासाठी लोक येतात, पुस्तकांची विक्री असते, जलसे आणि भाषणं होतात. त्याच सुमारास सवाईची तिकिटं निघतात. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरात असतो. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त असतं. पाठदुखी नसेल तर तेच घ्या आणि मागे टेकायला काही मिळेल अशा जागी बसायला लवकर पोचा.